स्वे बार आणि कॉर्व्हेअर-वाद : एका यांत्रिक दुरुस्तीच्या इतिहासाची साधनचिकित्सा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक सामान्यतः एंजिनाकडे अधिक लक्ष देतात. मोटारगाडीच्या इतिहासातही अश्वशक्ती, वेग व शर्यतींतील विजय यांचीच नोंद ठळकपणे झालेली आढळते. परंतु गाडी वळणावर रस्ता धरून ठेवते की सोडते, हा प्रश्न ज्या साध्या, स्वस्त आणि दृष्टीआड राहणाऱ्या भागांवर अवलंबून असतो, त्यांचा इतिहास मात्र विस्कळित अवस्थेत पडून आहे. अशा भागांपैकी एकाचा, म्हणजे अमेरिकेत ‘स्वे बार’, इंग्लंडात ‘अँटी-रोल बार’ व आपल्याकडील दुरुस्तीच्या कारखान्यांत ‘स्टॅबिलायझर बार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादी दांड्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी शेव्हरोले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाडीचे उदाहरण घेतले आहे. या गाडीच्या पुढच्या बाजूस हा दांडा १९६० ते १९६३ या चार वर्षांच्या नमुन्यांत सरसकट बसविलेला नव्हता. १९६४ च्या नमुन्यापासून तो बसविला जाऊ लागला. या एका फरकाभोवती न्यायालयीन दावे, एक गाजलेले पुस्तक, सिनेटपुढील सुनावणी व शासकीय चौकशी अशी साधनांची मोठी रास जमली असून ही साधने एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांतून इतिहासकाराने काय स्वीकारावे, हा येथील खरा प्रश्न आहे.

(१) दांड्याचे कार्य

प्रथम वस्तूचे स्वरूप स्पष्ट करणे अवश्य आहे. कारण या वादातील अनेक लेखकांची चूक मूळ यंत्रज्ञान नीट न समजल्यामुळे झालेली आहे.

स्वे बार हा इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा स्प्रिंग-पोलादाचा दांडा असतो. त्याचा मधला आडवा भाग गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांमध्ये अडकविलेला असतो व दोन्ही टोके डाव्या-उजव्या चाकांच्या आधारभुजांना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर उचलली गेली, तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो व काहीच विरोध करीत नाही. परंतु वळणावर गाडी बाहेरच्या अंगास झुकू लागली, की एक चाक सांगाड्याच्या मानाने वर व दुसरे खाली जाते. दांड्याला पीळ बसतो आणि तो त्या झुकण्यास विरोध करतो. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना अशा दांड्याचे एकस्व २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाले. त्या काळच्या गाड्यांच्या स्प्रिंगा मुळातच ताठ असल्यामुळे त्याची निकड फारशी भासली नाही. पुढे मऊ स्प्रिंगा व स्वतंत्र अग्रचाके आली, तेव्हा तिचे महत्त्व वाढले.

दांड्याच्या पीळविरोधाचे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. बावीस मिलिमीटरचा दांडा काढून त्याच लांबीचा व त्याच भुजांचा पंचवीस मिलिमीटरचा दांडा बसविला, तर व्यास सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, परंतु ताठपणा सुमारे ६७ टक्क्यांनी वाढतो. क्रीडा-मोटारींचे हौशी मालक दांडा बदलतात तेव्हा डोळ्यांस नगण्य वाटणारा फरक चालविताना एवढा प्रकर्षाने का जाणवतो, याचे उत्तर या चतुर्थ घातात आहे.

मात्र ‘झुकणे कमी म्हणून पकड अधिक’ हे सर्वत्र रूढ झालेले स्पष्टीकरण अपुरे आहे. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकतो, हे मुख्यतः गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर व वळणाचा जोर यांवर ठरते. दांडा जाड केल्याने तो एकूण भार फारसा कमी होत नाही. बदलते ती त्याची वाटणी, म्हणजे पुढच्या जोडीने त्यातील किती वाटा उचलावा व मागच्या जोडीने किती, ही. या वाटणीला महत्त्व येते ते टायरच्या एका गुणधर्मामुळे. टायरवरील भार वाढला की त्याची बाजूची पकड वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात वाढत नाही. केवळ समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका जोडीतील प्रत्येक टायरवर ३०० किलो भार असताना प्रत्येकाची पकड २७० किलो आहे, म्हणजे एकूण ५४० किलो. आता १०० किलो भार एकावरून दुसऱ्यावर सरकला. ४०० किलोवाल्याची पकड ३४० व २०० किलोवाल्याची १९० झाली, तर बेरीज ५३० भरते. भार तेवढाच, पकड मात्र घटली. म्हणून ज्या जोडीला जाड दांडा बसवावा, त्या जोडीची पकड तुलनेने कमी होते. पुढे दांडा बसविला तर पुढची चाके अगोदर घसरू लागतात व गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते. यास ‘अंडरस्टिअर’ म्हणतात. मागे बसविला तर उलट परिणाम होऊन गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची प्रवृत्ती, म्हणजे ‘ओव्हरस्टिअर’, वाढते. सामान्य चालकास पहिली प्रवृत्ती सुसह्य असते. चक्र थोडे अधिक फिरविणे वा वेग कमी करणे हे त्यास स्वाभाविकपणे सुचते. दुसऱ्या प्रवृत्तीत नेमकी उलट व तत्काळ कृती करावी लागते आणि ती सरावावाचून साधत नाही.

(२) ज्ञान केव्हा उपलब्ध होते?

कॉर्व्हेअरच्या प्रकरणी दोषनिश्चितीचा कोणताही प्रयत्न करण्यापूर्वी हे ज्ञान कधीपासून उपलब्ध होते, हे पाहिले पाहिजे. फ्रान्समध्ये ब्रुलिए यांनी १९२५ मध्येच टायरच्या तिरक्या घसरणीकडे, म्हणजे ‘स्लिप-कोना’कडे, लक्ष वेधले होते. इंग्लंडात रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले मॉरिस ऑली १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आले. १९३४ च्या नमुन्यांत त्या कंपनीने आणलेल्या स्वतंत्र अग्रचाकांमागे त्यांच्या प्रयोगांचा मोठा भाग होता, आणि अंडरस्टिअर-ओव्हरस्टिअर या संकल्पनांना अभियांत्रिकीत स्थान मिळवून देण्याचे श्रेयही मुख्यतः त्यांच्याकडे जाते. १९५६ मध्ये बफेलो येथील कॉर्नेल वैमानिकी प्रयोगशाळेतील मिलिकेन, व्हिटकोम व सेगेल यांनी लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे जे निबंध मांडले, त्यांत विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटारीस लागू करण्यात आले होते. या संशोधनास जनरल मोटर्सचेच साहाय्य होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

याच ऑलींनी १९५३ च्या आपल्या एका तांत्रिक निबंधात युद्धोत्तर युरोपीय गाड्यांची समीक्षा करताना, मागे एंजिन व ‘स्विंग ॲक्सल’ असलेल्या गाड्या त्या वेळी ज्या स्वरूपात बांधल्या जात होत्या त्या स्वरूपात फायद्याच्या नाहीत, असा प्रतिकूल अभिप्राय दिला होता. स्विंग ॲक्सल-योजनेत मागच्या चाकाचा आस गिअरपेटीजवळील एका सांध्यावर वरखाली झुलतो व त्याबरोबर चाकाचा कलही बदलतो. जोराच्या वळणात गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊन बाहेरचे चाक आत दुमडू लागते, आणि तसे झाले की पकड एकदम घटते. शिवाय या रचनेत मागचा झोल-मध्य उंच असल्यामुळे सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागची जोडीच उचलते. अशा गाडीस पुढच्या बाजूने झुकण्यास विरोध करणाऱ्या दांड्याची गरज इतर गाड्यांपेक्षा अधिक असते, हे वरील विवेचनावरून सहज ध्यानात येईल.

(३) कॉर्व्हेअरची योजना

कॉर्व्हेअर २ ऑक्टोबर १९५९ रोजी १९६० चा नमुना म्हणून बाजारात आली. शेव्हरोले विभागाचे प्रमुख एड कोल यांची ती कल्पना होती. हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे ॲल्युमिनियमचे एंजिन मागे, चारही चाके स्वतंत्र आणि मागे स्विंग ॲक्सल, अशी तिची रचना होती. वजनाचा सुमारे तीन-पंचमांश भाग मागच्या चाकांवर पडे. पुढे स्वे बार नव्हता. त्याऐवजी टायरांतील हवेच्या दाबात मोठा फरक ठेवण्याची सूचना होती: थंड टायरांसाठी पुढे दर चौरस इंचास १५ पौंड व मागे २६ पौंड. पुढच्या टायरांत हवा कमी ठेवली की त्यांचा स्लिप-कोन वाढतो व गाडी अंडरस्टिअरकडे झुकते. तत्त्व बरोबरच होते. जे कार्य दांड्याने करावयाचे, ते येथे हवेच्या दाबावर सोपविले होते.

या पर्यायातील दोष तत्त्वाचा नसून व्यवहाराचा आहे. दांडा एकदा बसविला की तो आपले काम करीत राहतो; त्याची आठवण कोणास ठेवावी लागत नाही. हवेचा दाब मात्र मालकाने, मेकॅनिकने व पेट्रोलपंपावरील कामगाराने प्रत्येक वेळी लक्षात ठेवावा लागतो. चारही टायरांत सारखी हवा भरण्याची सवय त्या काळी सार्वत्रिक होती. ती सवय पाळणारा मनुष्य, नकळत, गाडीच्या स्थैर्याचा मुख्य आधारच काढून घेत होता. स्थैर्याची जबाबदारी अशा रीतीने धातूकडून माणसाच्या स्मरणशक्तीकडे ढकलली गेली.

तुलनेसाठी दोन समकालीन उदाहरणे पुरेशी आहेत. फोक्सवागेनच्या ‘बीटल’ची रचना तत्त्वतः अशीच, मागे एंजिन व स्विंग ॲक्सल अशी होती, तिला १९६० च्या नमुन्यापासून पुढे अँटी-रोल बार देण्यात आला. पोर्शे ३५६ च्या ‘सुपर ९०’ या १९६० च्या प्रकारात मागच्या चाकांचा कल आवरण्यासाठी आडवी पट्टी-स्प्रिंग होती. म्हणजे कॉर्व्हेअर ज्या सुमारास दांड्याविना बाजारात आली, त्याच सुमारास तिच्या जातीच्या युरोपीय गाड्या हे उपाय स्वीकारीत होत्या.

१९६२ मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेअरसाठी पुढचा स्वे बार, बदललेल्या स्प्रिंगा व मागच्या चाकांची खाली जाण्याची हालचाल मर्यादित करणारे पट्टे, असा जादा किंमतीचा संच देऊ केला. प्रस्तुत लेखकास हा या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो. ‘मोंझा’ प्रकारामुळे कॉर्व्हेअरला क्रीडा-मोटारीचे रूप आले होते आणि हा संच वेगाने गाडी चालविणाऱ्या हौशी ग्राहकांसाठी होता. ज्याला गाडीचे शास्त्र कळत होते, तो थोडे पैसे मोजून आपली गाडी सुधारून घेऊ शकत होता. ज्याला कळत नव्हते, त्याला आपल्या गाडीत काही उणे आहे याची सूचनाही मिळत नव्हती. जे एकास सुधारणा म्हणून विकले जात होते, ते दुसऱ्यासाठी संरक्षण होते.

१९६४ च्या नमुन्यात पुढचा दांडा सर्व गाड्यांना मिळाला. त्याबरोबर मागे आडवी पट्टी-स्प्रिंग आली. या दोन बदलांचा संबंध पुष्कळ लेखकांच्या लक्षात आलेला नाही. मध्यभागी टेकलेली आडवी पट्टी मागचे वजन उचलते, परंतु झुकण्यास जवळजवळ विरोध करीत नाही. त्यामुळे मागच्या मुख्य स्प्रिंगा मऊ करता आल्या. पुढचा झुकण्यास होणारा विरोध वाढला व मागचा घटला. दोन्ही बदल एकाच दिशेचे होते. १९६५ च्या नमुन्यात स्विंग ॲक्सल पूर्णपणे काढून टाकून कॉर्व्हेट स्टिंग रेच्या धर्तीची नवी मागील रचना देण्यात आली.

(४) साधनांचा परामर्श

आता मुख्य साधनांकडे वळू. पहिले साधन म्हणजे राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे ३० नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेले पुस्तक. त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरविषयी आहे. त्या वेळेपर्यंत कंपनीविरुद्ध शंभराहून अधिक दावे दाखल झालेले होते व नेडर यांनी त्या कागदपत्रांचा, तसेच ऑलींच्या निबंधाचा उपयोग केला. ते व्यवसायाने वकील होते. त्यांचे लेखन फिर्यादीच्या बाजूने झालेले आहे, आणि पुराव्याची निवडही त्या दृष्टीने झाली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की कंपनीने नेडर यांच्या खासगी आयुष्याची हेरगिरी करविली व मार्च १९६६ मध्ये तिचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे क्षमा मागावी लागली. ९ सप्टेंबर १९६६ रोजी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली. परंतु कंपनीचे वर्तन निंद्य होते यावरून नेडर यांचे प्रत्येक तांत्रिक विधान सिद्ध होत नाही.

दुसरे साधन १९७२ चा शासकीय अहवाल होय. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९६३ च्या कॉर्व्हेअरची तुलना फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलिअंट, फोक्सवागेन व रेनॉ दोफिन या समकालीन गाड्यांशी, तसेच नंतरच्या कॉर्व्हेअरशी केली. १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेअरमध्ये ताबा सुटण्याची वा उलटण्याची विशेष अशी प्रवृत्ती आढळत नाही व ती काही समकालीन गाड्यांच्या तोडीची आहे, असा निष्कर्ष त्यात निघाला. या अहवालाच्या आधारे गाडीचे चाहते नेडर यांना पूर्णपणे खोटे ठरवितात.

तिसरे साधन म्हणजे जॉन डिलोरियन यांच्या कथनावरून पॅट्रिक राइट यांनी लिहून १९७९ मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेले पुस्तक. त्यात असे सांगितले आहे, की बंकी नूडसन शेव्हरोलेचे प्रमुख झाले तेव्हा त्यांनी कॉर्व्हेअरला स्थिरक दांडा बसविण्याची परवानगी मागितली. गाडीमागे सुमारे १५ डॉलर खर्च येईल म्हणून वरिष्ठांनी ती नाकारली. आणि नूडसन यांनी राजीनाम्याची भाषा केल्यावर ती मिळाली. ही हकीकत फार उद्धृत केली जाते. तिचा काळ १९६१ च्या अखेरीस झालेली नूडसन यांची नेमणूक व १९६४ चा नमुना यांच्याशी जुळतो, ही तिची जमेची बाजू. तथापि डिलोरियन त्या वेळी पाँटिॲक विभागात होते, शेव्हरोलेत नव्हते. त्यांचे कथन बऱ्याच वर्षांनंतरचे आहे. ते कंपनीतून बाहेर पडलेले होते. आणि पुस्तक प्रसिद्ध करण्याबाबत त्यांनी स्वतःच माघार घेतली होती. म्हणून ही साक्ष संभाव्य मानावी, सिद्ध मानू नये.

(५) विरोधाचे निरसन

नेडर आणि १९७२ चा अहवाल यांच्यातील विरोध वाटतो तेवढा मूलगामी आहे काय? माझ्या मते नाही. दोघांनी दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. अहवालाचा प्रश्न असा: ही गाडी तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोक्याची होती काय? नेडर यांचा प्रश्न असा: निर्मात्यांना जे ठाऊक होते व जे त्यांना अल्प खर्चात करता आले असते, त्या मानाने ही गाडी उणी होती काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ व दुसऱ्याचे ‘होय’ असे एकाच वेळी असू शकते. समकालीन गाड्यांची सरासरीच जर निकृष्ट असेल, तर सरासरीच्या बरोबरीने असणे हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र ठरत नाही. उलटपक्षी, एखाद्या गाडीत सुधारणेला वाव होता एवढ्यावरून ती अपवादात्मक मारक होती असेही म्हणता येत नाही. आपल्या विषयातही ‘त्या काळी सगळेच तसे करीत’ हा बचाव व ‘त्यांना कळावयास हवे होते’ हा आरोप यांची गल्लत वारंवार होते. कॉर्व्हेअरचे उदाहरण त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

नेडर यांच्या पुस्तकाने कॉर्व्हेअर संपविली, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. १९६५ मध्ये सुमारे २ लाख ३५ हजार गाड्या तयार झाल्या. १९६६ मध्ये सुमारे १ लाख व १९६७ मध्ये सुमारे २७ हजार. घसरण पुस्तकानंतरची आहे खरी. परंतु एप्रिल १९६४ मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगने याच ग्राहकवर्गाला आकर्षून घेतले होते. कालक्रम हा कार्यकारणाचा पुरावा नव्हे. मे १९६९ मध्ये निर्मिती थांबली, तोपर्यंत सुमारे १८ लाख कॉर्व्हेअर तयार झालेल्या होत्या.

(६) समारोप

जुनी कॉर्व्हेअर बाळगणारे हौशी मालक आजही तिला पुढचा दांडा बसवितात, असलेला अधिक जाड करतात, रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालतात. त्यांच्या कृतीमागील नियम वर सांगितलेलाच आहे. मागे भारी असलेल्या गाडीस प्रथम पुढचा दांडा द्यावा. केवळ मागचा दांडा जाड करू नये. आणि एका मर्यादेपलीकडे जाडी वाढविली तर एका चाकाचा धक्का दुसऱ्यास पोचतो व वळणात आतले चाक उचलले जाते, हे विसरू नये.

एवढ्या विवेचनावरून पुढील गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. दांड्याचे शास्त्र १९५९ पूर्वी उपलब्ध होते व कंपनीच्या अंतर्वर्तुळातही ते परिचित होते. दांड्याचे कार्य प्रथम हवेच्या दाबावर, म्हणजे ग्राहकाच्या दक्षतेवर, सोपविण्यात आले. १९६२ मध्ये तोच दांडा जादा किंमतीस विकत मिळू लागला आणि १९६४ मध्ये सर्वांना मिळाला. खर्चामुळे तो नाकारला गेला ही हकीकत संभाव्य आहे. परंतु तिचा एकमेव प्रसिद्ध साक्षीदार त्या खोलीत नव्हता. गाडी तिच्या समकालीनांहून अधिक मारक होती, हे सिद्ध झालेले नाही.

या निष्कर्षांत कोणास पूर्ण दोषी वा पूर्ण निर्दोष ठरविण्याचे समाधान मिळत नाही. परंतु १९६० ते १९६३ या काळात ज्यांनी ही गाडी विश्वासाने विकत घेतली, त्यांना आपल्या पुढच्या व मागच्या टायरांतील अकरा पौंडांच्या फरकावर किती काही अवलंबून आहे हे स्पष्ट शब्दांत कोणी सांगितले होते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी यापुढील अभ्यासकाने पुस्तकांपेक्षा त्या काळच्या मालक-पुस्तिका, विक्रेत्यांना पाठविलेली परिपत्रके व दुरुस्ती-सूचना यांकडे वळले पाहिजे.